पाच म्हणजे किती

मी एक जुना वंशवृक्ष आहे. मातीतला नव्हे, संगणकातला. मित्रांनो, करक या अरबी शहराजवळच्या आमच्या टोळीचे सात हजार पुरुष माझ्यात ठिपक्यांसारखे बसले आहेत. बाप आणि मुलगा यांच्यामध्ये एक रेघ. बायकांना जागा नाही. माझ्यात पुरुषांनाच पुरुष होतात.

निवृत्त शिक्षक मिथकाल मास्तरांनी नऊ वर्षे खपून मला वाढवले. कोणाचा खापरपणजा कोण, हे मी पापणी लवण्याआधी सांगत असे. लग्नकार्यांत माझे कौतुक होई. ज्यांचा पूर्वज शूर निघे ते मला ज्ञानी म्हणत. ज्यांचा मेंढीचोर निघे ते म्हणत, यंत्रच ते!

मग फलाह नावाच्या तरुणाने पेट्रोलपंपावरच्या भांडणात दुसऱ्या टोळीचा माणूस मारला. सूड टळावा म्हणून मारणाऱ्याच्या पाच पिढ्यांतल्या भाऊबंदांनी त्याच दिवशी गाव सोडायचे, असा रिवाज. कोणी जायचे, हे मास्तरांनी मला विचारले : फलाहपासून पाच रेघा वर चढ आणि तिथून खालचे सगळे सांग.

म्हातारे हाजी दुघैम शेजारी बोटे मोजत होते. "मास्तरा, अंगठा म्हणजे मारणारा स्वतः. तो पहिला धर."

"हाजी, तुमच्या बोटांना संधिवात झालाय. हे यंत्र आहे."

मी पाच रेघा चढलो. पाच रेघांना माणसे सहा लागतात, हे मला कोणी विचारले नाही. त्या सहाव्या माणसाची एक अख्खी फांदी जादा आली. तिच्यात हझ्झा बेकरीवाला होता.

"मास्तर, फलाहला मी एकदाच पाहिलाय, तोही पाठमोरा!"

"यादीत आहेस ना? मग नीघ बाबा."

"आईची कूससुद्धा बदलू नका म्हणालेत डॉक्टर."

"तिचं नाव यादीत नाही. ती राहू शकते."

"एकटी?"

मास्तरांनी यादी पुन्हा एकदा वाचली.

हझ्झाने आईला गादीसकट पिकअपमध्ये ठेवले. वाळवंटातल्या रस्त्यावर, मुक्कामाच्या मआन शहराच्या अलीकडे, ती गेली.

तिसऱ्या दिवशी हाजींनी मास्तरांना समोर बसवून फलाहचे पूर्वज बोटांवर मोजायला लावले. मास्तरांनी मला विचारलेल्या प्रश्नातल्या पाचाचे चार केले. हझ्झाची फांदी लगेच गळाली. ते सांगायला मास्तर मआनला गेले.

"घरी चल, हझ्झा. तुमची फांदी यादीत यायलाच नको होती."

हझ्झाने पाहुण्याची कॉफी ओतली नाही. "हे तिला सांगून या. कबरस्तान डाव्या हाताला आहे."

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, पण मला विचारण्याआधी प्रश्न एकदा तपासून घेत जा. मी उत्तर नेहमी बरोबरच देतो. त्या दिवशीही दिले होते.