राजा फार वेळ मरतो

दचकू नका, घुंगरं वाजली ती माझीच. मी विदूषकाची टोपी बोलतेय. रंगभूषेच्या खोलीत, आरशाशेजारच्या खिळ्याला लटकलेली.

नाटकमंडळीच्या शिंपीणबाईंनी मला शिवलं. लाल मखमल राजाच्या झग्यातून उरलेली आणि पिवळा तुकडा जुन्या पडद्याचा.

आमचं नाटक म्हणजे शोकांतिका. गर्विष्ठ राजा कुणाचं ऐकत नाही आणि शेवटी मरतो. सगळा दरबार त्याच्या हो ला हो करतो; खरं बोलतो तो एकटा विदूषक. म्हणून मंडळीत एक रीत आहे: तालमीत जो मला डोक्यावर घालेल, त्यानं मनातलं खरं बोलावं, कुणी रागवायचं नाही. पण आजवर "पडदा धुवायला झालाय" यापुढे कुणाची मजल गेली नव्हती.

राजा होतात मामा. नाटकही तेच बसवतात. विदूषक म्हणजे त्यांची भाची. इतकी लाजरी, की मला घालतानाच तिचे कान तापतात.

गेले तीन प्रयोग राजा मरताना प्रेक्षक हसत होते. कारण मामा मरतच नव्हते! खांबाशी कोसळायचे, उठायचे, सिंहासनाशी कोसळायचे, पुन्हा उठून भाषण द्यायचे.

"मागच्या रांगेतले टवाळ हो," मंत्री झालेला नट मामांना म्हणायचा. "बाकीचे ढसाढसा रडत होते!"

शेवटी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी बजावलं, "शनिवारी हशा झाला, तर नाटक बंद."

मामांना वाटलं, मरण कमी पडतंय. शुक्रवारच्या तालमीत त्यांनी आणखी एकदा कोसळून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात भाचीनं मला कानांपर्यंत ओढलं. ती इतकी थरथरत होती, की माझी घुंगरं आपोआप वाजू लागली.

"मामा, तुम्ही फार वेळ मरता."

"काय?"

"पहिल्यांदा पडता तेव्हा मला खरंच रडू येतं. नंतर लोक घड्याळ बघतात. मीपण बघते."

मामा लालबुंद झाले. "तुम्हाला पण असंच वाटतं?" त्यांनी मंत्र्याला विचारलं.

मंत्री खाकरला. "जरा टोपी दे गं इकडे."

त्याच्यानंतर सेनापतीनं मला मागितलं. मग राणीनं. मामा तडक घरी गेले.

शनिवारी राजा एकदाच कोसळला. उठलाच नाही. आता शेवटचं वाक्य विदूषकाचं. पण भाचीला खरंच रडू कोसळलं, वाक्य राहूनच गेलं.

तेव्हा मेलेला राजा ओठ न हलवता पुटपुटला, "बोल ना गं बाई! मघाशीच मेलोय मी."

ती बोलली. कुणीही हसलं नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं, आणि मग टाळ्या.

नाटक जोरात चाललंय. माझी मात्र शिवण उसवत आलीय. तालमीत जो तो मला मागतो, परवा तर दिवेवाल्यानंही नेलं. तेव्हा विनंती एवढीच: खरं बोलायला माझी वाट बघत बसू नका. मी एकटी किती डोक्यांना पुरणार?