सहाच्या पाढ्यात दोन कुठून?

मी तीन खिडक्यांचा डबा बोलतोय. हसू नका, इथे सगळे मला डबाच म्हणतात. टेकडीवर जाणाऱ्या रोपवेच्या खालच्या ठाण्यात, भिंतीवर माझा मुक्काम. माणसांनी भरलेली ट्रॉली वजनाने जराशी खाली झुकते, त्यामुळे वर जाताना माझ्या दांडीला घासते आणि माझा आकडा सहाने सरकतो. एका ट्रॉलीत माणसं सहाच, कमी नाही, जास्त नाही. शेजारी माझा जुळा भाऊ उतरणाऱ्यांना मोजतो. रोज सकाळी आम्हाला शून्यावर आणतात. संध्याकाळी आमचे आकडे जुळले की दोर बंद.

सहाचा पाढा म्हणजे माझं आख्खं आयुष्य. त्यात एकआकडी संख्या एकच, दोनआकडी पंधरा, तीनआकडी दीडशे. ९९६ आला की माझ्या खिडक्या संपल्या. मला घडवणारा म्हणाला होता, "हजार माणसं कशाला कडमडायला येतील इथे?" पंचवीस वर्षं त्याचं खरं ठरलं.

मग तो सुट्टीचा दिवस आला. गर्दी, नुसती गर्दी! दुपारी मी ९९६ वर पोचलो. तिकिटं थांबली. शेवटी वरचं ठाणं झाडायला सहा बायका चढल्या. त्यांना तिकीट नसतं. माझी चाकं फिरली, पण हजाराचा एक लिहायला जागा कुठे? खिडक्यांत उरलं ००२.

त्यांना वर पाठवणारा ऑपरेटर तापाने फणफणलेला. तो कुणाला काही न सांगता घरी गेला. त्याच्या जागी आला घाईदादा. नावाप्रमाणेच गडी! त्या सहाजणींत त्याची सख्खी थोरली बहीण होती, आणि त्याला पत्ताच नव्हता.

संध्याकाळी धुकं उतरलं, वारा सुटला. वरचा फोन दुपारपासूनच मुका. वारा आणखी वाढला असता तर दोर सकाळपर्यंत हलवता आला नसता, आणि वर आडोशाला नुसती पत्र्याची शेड. भावाचा आकडा ९९६, विकलेली तिकिटं ९९६.

"झालं, सगळे खाली आले," घाईदादा म्हणाला आणि त्याने खटक्यावर हात ठेवला.

अरे, थांब! माझा जीव नुसता तुटत होता. पण मला तोंड कुठलं?

"थांब रे," तिकीटवाल्या मावशी खिडकी बंद करता करता म्हणाल्या. "डब्यावर दोन कसे?"

"भंगार आहे तो, मावशी. आपोआप शून्यावर पडला असेल."

"शून्यावर पडला तर पुढे सहा दिसेल, बारा दिसेल. सहाच्या पाढ्यात दोन कुठून आले?"

"आता पाढे म्हणायची वेळ आहे का? वारा बघा!"

मावशी बोटांवर मोजत पुटपुटल्या. "नऊशे शहाण्णव... आणि सहा... एक हजार दोन! अरे, हजार मावला नाही, दोन उरले! आणखी एक ट्रॉली वर गेलीय!"

"पण तिकीट कुठंय?"

"बिनतिकिटाचं कोण जातं वर?"

घाईदादाने खटक्यावरचा हात झटकन काढला. "ताई..." एवढंच तो म्हणाला.

मग दोर फिरला. वाऱ्याने ट्रॉली अशी हेलकावत होती की मावशींनी डोळेच मिटून घेतले. घाईदादाने मात्र पापणी लववली नाही. धुक्यातून ती खाली आली, दार उघडलं. एक, दोन... सहा. भावाचाही आकडा फिरला, ००२.

"किती वेळ वाट बघायची रे, मेल्या?" ताई कुडकुडत ओरडली. तो तिचे हात धरून ढसाढसा रडला.

आता माझ्या जागी पाच आकड्यांचं चमकणारं यंत्र आलंय. माझी दांडी काढली, पण मला भिंतीवर राहू दिलंय. मी त्या दिवशी खोटं बोललो नव्हतो हो, तोकडा पडलो होतो. कुणाचं बोलणं विचित्र वाटलं तर लगेच भंगार म्हणू नका, एवढंच मागणं.

ताई रोज सकाळी फडकं घेऊन येते. माझ्या तिन्ही खिडक्या पुसते. मग त्यांच्या डावीकडचा कोरा पत्रा, जिथे चौथी खिडकी असायला हवी होती, तोही पुसते.