दगडखाणीच्या कविता

छापखाना बहीण-भावाचा होता. बहीण खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायची, म्हणून बाजारात तिला जुळारीणच म्हणत. थोरला भाऊ ट्रेडल, म्हणजे पायाने चालणारं छपाईयंत्र, हाणायचा. पोट पावत्या-पत्रकांवर चालायचं. कवितांचं पुस्तक पहिल्यांदाच आलं होतं, इस्पितळातल्या नर्सबाईचं. दगडखाणीतल्या सुरुंगाने चिंधड्या झालेली माणसं तिच्यापुढे यायची, आणि खाणमालक सरळ म्हणायचा, हा आमच्याकडे कामाला नव्हताच. नर्सबाईने ती माणसं कवितेत नावानिशी लिहिली होती. मालकाचंही नाव होतं.

"पाण्यात राहून माशाशी वैर नको," दादा म्हणायचा. "त्याचं नाव गाळ."

"कविता तिची आहे, दादा. मी कशी गाळू?"

"मग डोकं फुटलं की माझ्याकडे रडत येऊ नकोस."

अर्ध्याहून जास्त पुस्तक छापून झालं, तेव्हा भरदुपारी मालकाची दोन माणसं आत शिरली. त्यातल्या दांडग्याला सगळे गेंड्या म्हणत.

"छापलेले कागद कुठायत?"

दादाने कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट केलं. जुळारीण मात्र गठ्ठ्यापुढे जाऊन उभी राहिली. गेंड्याने तिच्या थोबाडीत हाणली. ती खिळ्यांच्या मांडणीवर आदळली, ओठ फाटला, दात तुटून जिभेवर आला. दादा, जो आठवडाभर माघार घे म्हणून मागे लागला होता, तोच गेंड्याच्या नरड्यावर तुटून पडला.

पण दोघांपुढे त्याचं काय चालणार? एकाने त्याला मागून आवळलं. गेंड्याने त्याचा उजवा हात यंत्राच्या उघड्या जबड्यात घातला आणि दुसऱ्या हाताने चाक ओढलं. पत्र्याचा डबा पायाखाली चेपावा तसा आवाज झाला. दादा आधी ओरडलाच नाही. मग ओरडला.

जुळारणीच्या हाताला टेबलावरची लोखंडी चौकट लागली. ती तिने दोन्ही हातांनी उचलून गेंड्याच्या तोंडावर घातली. जबडा मोडलेला तिला मनगटात कळला. तो खाली पडला, तरी ती मारत राहिली. चौकटीचा कोपरा डोळ्यात गेला, तरी थांबली नाही. दुसऱ्याने पळता पळता खिळ्यांचे सगळे खण ओढून जमिनीवर पालथे केले.

"बास कर," दादा गुडघ्यावर बसून म्हणत होता. "मरेल तो. बास कर गं."

गेंड्या मेला नाही. एक डोळा गेला. दादाची चार बोटं गेली. पोलिसांनी जुळारणीलाच आत टाकलं, आणि समोरच्या न्हाव्याने डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं तेव्हा कुठे सोडलं.

दादाच्या घरी ती गेली, तर वहिनीने दारातच अडवलं. "चार ओळींपायी माझ्या नवऱ्याचा हात खाल्लास. आता काय हवंय?" आत दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती तशीच मागे फिरली.

छापलेले कागद आणि बारीक खिळे रक्तात आणि बुटांखाली कामातून गेले होते. शाबूत होते ते फक्त जाहिरातींचे मोठे लाकडी खिळे. एका कागदावर जेमतेम पाच ओळी मावल्या असत्या.

"पुस्तक होणार नाही," तिने नर्सबाईला सांगितलं. "भिंतीवर लावता येईल."

"लावू."

दोघी शाई घोटायला बसल्या. जुळारीण म्हणाली, "तो पडल्यावर मी मारायला नको होतं. पण मला थांबायचंच नव्हतं. बरं वाटत होतं. त्याचीच भीती वाटते."

नर्सबाईचा हात थांबला नाही. "त्याला टाके मीच घातले."

"नीट घातलेस?"

"नीट घातले."

सकाळी खाणीच्या रस्त्यावर, ट्रक वळतात तिथल्या भिंतीवर कागद चिकटले. कामगार थांबून वाचू लागले. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याला शेजारचा मोठ्याने वाचून दाखवायचा. दुपारपर्यंत मालकाच्या माणसांनी सगळे फाडून काढले.

जुळारणीने छापखान्याचं दार आतून लावलं, पहार हाताशी ठेवली आणि तेच कागद काढायला पुन्हा ट्रेडलवर पाय ठेवला.