यशराजच्या गालातली गाठ

मी एक गाठ बोलतेय. वाटाण्याएवढी, गुळगुळीत. तपासणीसाठी माझा तुकडा घेतला. उरलेली मी साताऱ्यातल्या एका दंतरुग्णालयात, फळीवरच्या औषधाच्या बाटलीत आहे. बोलण्याचा मला हक्क आहे का, याची खात्री नाही.

माझा जन्म उंब्रजच्या यशराजच्या गालात झाला. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस ऊस दातांनीच सोलायचा. त्यात दाढेचा टवका उडाला. राहिलेली धार रोज गालाला घासायची आणि तिथंच मी वाढत गेले. मी त्याला कधी दुखवलं नाही. निदान मला तसं वाटायचं.

एकदा गाल ओढून त्यानं मला शेजारच्या तात्याबाला दाखवलं.

"तंबाखू खातोस न्हवं? मग दुसरं काय असणार! कापून घिऊ नगंस गड्या. हत्यार लागलं की पसरतंय ते. आन् बारक्या पोरांपास्नं लांब ऱ्हा, त्यास्नीबी लागंल."

त्याच महिन्यात शिराळ्याहून बहिणीचा, अंकिताचा फोन आला. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मुलगा झाला होता. उष्टावणाला पहिला घास मामानं भरवायचा, आणि मामा हा एकटाच.

"चांदीची वाटी नसली तरी चालंल, दादा. तू ये म्हंजे झालं."

"काम हाय," एवढंच तो म्हणाला. थोड्या वेळानं मला खारट लागलं.

तो गेला नाही. कारणही सांगितलं नाही. पुढं तिचे फोन थांबले.

आठ महिन्यांनी मी दाताखाली सापडले, रक्त आलं, आणि तो घाबरून इथं आला. डॉक्टरीणबाईंनी गाल बधिर करून मला काढलं, दोन टाके घातले, दाढेची धारही घासली. आठवड्यानं तपासणीचा कागद वाचून म्हणाल्या, "साधी गाठ होती. पसरणारी नाही, कुणाला लागणारी तर नाहीच. पण तंबाखू सोडा."

यशराजनं तिथंच बाकावर बसून बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"मला सांगायचं न्हाई व्हय, दादा? मला वाटलं, माझं पोर तुला नकोसं झालं."

"आता येऊ?"

"ये की. पण त्यो आता भाकरी खातोय. पयला घास त्याच्या चुलत्यानं भरवला."

फोन बंद झाला, तरी तो उठला नाही. गालात मी नव्हते; त्याची जीभ मात्र तीच जागा चाचपत राहिली.

लवकरच मला जाळून टाकतील. तुमच्या तोंडात माझ्यासारखी कुणी असेल, तर वेळेत डॉक्टरांना दाखवा, घरच्यांना सांगा. मी निरुपद्रवी होते, असं कागदावर लिहिलंय. मला ते खरं वाटत नाही.