मेन टाकू नका

मामाचा एकच नियम आहे, आणि त्या दिवशी तो मामानंच मोडला.

मशीनमधे हात घालायच्या आधी मेन बंद करायचा. मेनला कुलूप लावायचं. किल्ली, जो हात घालणार त्याच्या खिशात. मालकाच्या नाही, भाच्याच्या नाही, भाचीच्या पण नाही. "करंट ओळख बघत नाही पोरी," मामा म्हणतो, आणि ते इतक्यांदा म्हणतो की मला त्याचा राग येतो.

मामा म्हणजे हिम्मतराव, माझ्या आईचा भाऊ. नल्लकुंट्यात, तेलुगू वस्तीत, आमचं रिपेरिंगचं दुकान आहे. मोटरी, ब्लोअर, गरम हवेचे मोठे हीटर. मी त्रिवेणी, वय अठरा. दहावीत असताना सरांनी मला फेकून मारलेला डस्टर मी सरांना परत फेकून मारला, आणि तिथं माझी शाळा संपली. नेम चांगला होता, एवढं सगळे कबूल करतात.

इंदुताईंचा फोन सकाळीच आला. सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत त्यांचा साड्या छापायचा कारखाना आहे. वरच्या मजल्यावर लांब टेबलं, त्यावर छपाई. खाली वाळवायची खोली, आणि त्या खोलीत तो हीटर. घरातला हीटर डोळ्यासमोर आणू नका. हा कपाटाएवढा पत्र्याचा डबा. मागं पंखा, पुढं कॉइलच्या रांगा. पंखा हवा ढकलतो, कॉइल ती तापवते, आणि दोऱ्यांवरच्या ओल्या साड्या कडक वाळतात. थ्री फेजवर चालतो. त्यात चुकलेला माणूस दुसऱ्यांदा चुकायला राहत नाही.

आम्ही पोचलो तर खोलीत साड्या लोंबत होत्या आणि जळक्या कापसाचा वास येत होता.

"संध्याकाळी माल जायचा आहे हिम्मतराव," इंदुताई म्हणाल्या. "रंग असा ओला राहिला तर घडीला घडी चिकटते. मग त्या साड्या मीच नेसायच्या, सगळ्या."

मामा हसला. मी आधी मेन बघायला बाहेर गेले. या हीटरचा मेन खोलीत नाही, बाहेर अंगणाच्या भिंतीवर आहे. जुना लोखंडी डबा, बाजूला दांडा. वर केला की चालू, खाली केला की बंद. दांडा खाली असताना कुलूप लावायला एक कडी असते, ती गंजून पडलेली. नुसती खूण राहिली होती.

"मामा, कडी नाही. कुलूप लागत नाही."

मामानं येऊन बघितलं. "मग मीटररूममधून सगळंच बंद करू. तिथं कुलूप लागतं."

"नक्को नक्को," इंदुताई मधे पडल्या. "वर टेबलं चालू आहेत, माणसं बसलीत, मशीनी चालल्यात. अर्ध्या छपाईत लाइट गेली तर कापडाचा सगळा थान वाया."

इंदुताई आणि मामा एका गावचे, बिदरकडचे. आईच्या आजारपणात त्यांची गाडी आमच्या दारात उभी असायची. मामाला त्यांना नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं. मला येतं, पण मला कोण विचारतंय.

"त्रिवेणी मेनपाशी उभी राहील," मामा म्हणाला. "कुलपापेक्षा माणूस बरा."

"माणसाला लघवीला जावं लागतं मामा. कुलपाला नाही."

"जाऊन ये आत्ताच," मामा म्हणाला. विषय संपला.

मग त्यानं सगळं रीतीनं केलं, हे पण सांगते. टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघितला, पेटतो का म्हणून. मग दांडा खाली ओढला. मग हीटरचा पत्रा काढून तिन्ही फेजवर टेस्टर लावला. पेटला नाही, लाइन मेलेली. कॉइल गार होईपर्यंत थांबला. मग ब्रशनं धागे-कापूस काढला, मूठमूठ निघाला. मधली एक रांग जळून तुटली होती. मामा पडून खांद्यापर्यंत आत शिरला. मला दिसत होते फक्त त्याचे पाय आणि त्याची एक चप्पल. हे मी दारातून बघितलं आणि मेनपाशी येऊन उभी राहिले.

उभं राहणं मला जमत नाही. पाय खाजतात. मी भिंतीवरचे पोपडे काढत होते, तेवढ्यात वरून जावई उतरला.

हर्षद. इंदुताईंचा जावई, पुण्याचा. आयटीत आहे, सुट्टी काढून सासूच्या कारखान्यात मदत करायला आलेला. पांढरे बूट. मराठी अशी बोलतो की मला वाटतं माझा पेपर तपासतोय.

"तुम्ही इथे काय करताय?"

"मेन राखतेय."

"राखताय म्हणजे? पळून जातो का तो?"

"जातो कधी कधी."

तो हसला. वाईट माणूस नव्हता, तेवढं कळत होतं. "आई सकाळपासून एकच सांगतायत, टेबलं बंद पडू देऊ नका. मी वर नुसता पंख्याखाली बसलोय. काही काम असेल तर सांगा ना."

तेवढ्यात आतून मामाचा आवाज आला, डब्यातून येतो तसा घुमून. "त्रिवेणी, थिंबल आण गं. मोठ्या. आणि दाबायची पक्कड."

थिंबल म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचं पितळी टोपण. सगळं सामान स्कूटरच्या डिकीत, आणि स्कूटर गेटबाहेर.

"मी हलू कशी?" मी ओरडले.

"मग काय माझे पाय आणतील? कोणाला तरी उभं कर."

मी हर्षदकडे बघितलं. पांढरे बूट, रिकामे हात, काम मागणारा माणूस.

"दादा, इथं उभे राहा. कोणाला मेन टाकू देऊ नका. काही झालं तरी."

"नाही टाकू देणार," तो म्हणाला. एकदम शिपायासारखा उभा राहिला.

मी गेले. डिकीत सामानाचा खिचडा झालेला, थिंबलची पुडी टेपच्या खाली, पक्कड त्याच्या पण खाली. ही पक्कड साधी नाही, हातभर लांब आणि जड. पुडी दातात धरली, डिकी आपटली, गेटातून आत आले.

आणि बघितलं, हर्षदचा हात दांड्यावर.

बोटं दांड्याभोवती बंद होती. कोपर वाकलेलं. उचलायला वाकतं तसं.

मी पुडी थुंकली. "मेन टाकू नका."

त्यानं मान वळवली. हसला. दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला. "नाही टाकत. कोणीतरी आधीच टाकला होता. वर करतोय."

आणि दांडा हलला.

मला तेव्हा काही कळलं नाही. मी जे म्हणत होते तेच तो म्हणत होता, आणि दांडा वर चालला होता. मी परत ओरडले, "अहो टाकू नका, टाकू नका," तर तो मान डोलावत होता, हो हो, नाही टाकत. माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. लहानपणापासून आमच्या घरात लाइट टाकतात, पंखा टाकतात, टीव्ही टाकतात. गल्लीत तेलुगूत पण तेच, लाइट वेय्. बंद करायचा असेल तर काढतात. टाकायचं म्हणजे चालू करायचं, याशिवाय त्या शब्दाचा काही अर्थ असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पळून पोचायला अंगण लांब होतं. हातात पक्कड होती.

मी फेकली.

मनगटावर बसली. तो कळवळला आणि हात सुटला. दांडा अर्ध्यात होता, तिथून थरथरत खाली आला आणि खट करून बसला. मग मी पोचले. दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळले, पाय उचलून, पूर्ण वजन टाकून.

"वेडी आहेस का तू?" हर्षद मनगट धरून खाली बसला होता. "अगं मी वर करत होतो. टाकत नव्हतो."

आतून मामाचा आवाज आला. "थिंबल आणल्या का गं?"

मी दांड्याला अजून लोंबकळतच होते.

"त्रिवेणी? झोपलीस का?"

"मामा," मी म्हटलं, "बाहेर ये."

"अगं दोनच थिंबल..."

"बाहेर ये. हात काढ आणि बाहेर ये."

मामा आला, तोंडाला काजळी, केसात कापूस. त्यानं मला दांड्याला लोंबकळताना बघितलं, मग जावयाचं मनगट बघितलं, मग जमिनीवरची पक्कड. विचारावं लागलं नाही. तो पायरीवर बसला आणि स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत राहिला, एखाद्यानं उसने दिलेले असावेत तसे.

इंदुताई धावत आल्या. "काय झालं? जावईबापू, हाताला काय लागलं?"

"हिनं पक्कड मारली," हर्षद म्हणाला.

"माझ्या जावयाला मारलंस?"

"हौ," मी म्हटलं. माझं डोकं आता तापलं होतं. "अजून एक मारते. मामा आत होता. खांद्यापर्यंत आत होता, आणि हे मेन टाकत होते."

"मी टाकत नव्हतो," हर्षद म्हणाला. "तुम्ही म्हणालात मेन टाकू देऊ नका. मी बघितलं तर तो खाली पडलेला. मला वाटलं वरच्या टेबलांचा मेन आहे, कोणीतरी आत्ताच खाली टाकलाय. हीटरचं बटण हीटरवरच असेल ना." बोलता बोलता तो थांबला. दाराकडे बघितलं. तिथं आत मामाची एक चप्पल पडली होती. "ते हीटरच्या आत होते?"

मी हो म्हणून मान हलवली.

"तुमच्याकडे टाकणं म्हणजे काय?" त्यानं हळू विचारलं.

"चालू करणं," मी म्हटलं. "तुमच्याकडं?"

"खाली टाकणं. बंद करणं." त्याचं तोंड साडीच्या कोऱ्या कापडासारखं झालं. मग तो भिंतीला टेकला आणि डोळे मिटून घेतले.

मला अजून ओरडायचं होतं, पण कोणावर ओरडू ते सापडेना. शब्द माझा होता. हात त्याचा होता. कडी कोणाचीच नव्हती.

मामा उठला. "इंदुताई, मीटररूमची किल्ली द्या."

"अहो पण टेबलं..."

"टेबलं बंद."

एवढंच म्हणाला. इतक्या वर्षांत मामानं त्यांना नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. इंदुताईंनी कमरेची किल्ली काढून दिली. वरच्या माणसांना हातातली साडी पूर्ण करू दिली, मग मामानं सगळा कारखाना बंद केला. पंखे थांबले. वरून कोणीतरी तेलुगूत शिवी दिली. मामानं पेटीला आमचं कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली खिशात घालायला गेला. किल्लीला खिसा सापडेना. हात इतका कापत होता.

त्यानं तो हात माझ्यापुढं केला. "आत तू जा."

"मी?"

"या हातानं स्क्रू बसणार नाही. किल्ली तुझ्या खिशात."

मी किल्ली जीन्सच्या पुढच्या खिशात घातली, अगदी खाली, मांडीला टोचेल अशी.

हर्षद एका हातानं पुठ्ठा घेऊन आला. दुसऱ्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं, बोटं सुजायला लागलेली. रंगाचा ब्रश दातात. "पाटी लावू. काय लिहू? मेन..."

"मेन नक्को. टाकू नक्को, काढू नक्को, काहीच नक्को." मी विचार केला. "लिहा, आत माणूस आहे."

त्यानं डाव्या हातानं लिहिलं. अक्षरं वाकडी आली. मला मराठी वाचायला वेळ लागतो, पण ते लगेच वाचता आलं. त्यानं पाटी कुलपाला बांधली आणि तिथंच स्टूल टाकून बसला. कोणी सांगितलं नव्हतं.

मी टेस्टर परत लावला. मामानं केलं होतं तरी लावला, तिन्ही फेजवर, आणि मग परत तिन्हींवर. मग पडून आत शिरले. आत पत्रा अजून कोमट होता. टॉर्चच्या उजेडात कॉइलच्या रांगा दिसत होत्या आणि मधे मामानं अर्धवट सोडलेली वायर. कान बाहेर लावलेला. कुठं काही खट झालं की माझे हात आपोआप मागं यायचे. मामा माझ्या पायाशी बसून सांगत होता, "घट्ट कर. अजून. सैल राहिला तर तोच तापतो," आणि एक हात माझ्या घोट्यावर ठेवून होता. काढला नाही. मला लाज वाटली, पण काढ म्हटलं नाही.

नवी रांग बसली. थिंबल दाबल्या. उष्णता वाढली की बंद पाडणारा थर्मोस्टॅट आहे, त्याची वायर कोणीतरी पूर्वी सरळ जोडून टाकली होती. ती मामानं मला तोडायला लावली आणि नीट बसवायला लावली. पत्रा लावला. मी बाहेर आले, केसात कापूस.

मीटररूमचं कुलूप मी उघडलं. कारखाना चालू झाला, वर पंखे फिरले. आता राहिला फक्त अंगणातला दांडा.

हर्षद त्याच्यापाशी उभा होता. मी मामाशेजारी उभी राहिले, इंदुताई दारात. चौघं एकमेकांना दिसत होतो.

"आत कोणी आहे?" हर्षदनं विचारलं.

एरवी मी म्हटलं असतं, डोळे घरी ठेवून आलात का. "नाही," मी म्हटलं.

त्यानं डावा हात दांड्यावर ठेवला. परत काढला. माझ्याकडे बघितलं.

"टाका," मामा म्हणाला. सवयीनं.

हर्षद हलला नाही. "वर की खाली?"

"वर," मी म्हटलं.