अमरचा नंदी

"चाकाले किती तेल पाजशीन बाबूलाल? नंदी होय तो, भजा नाही होय!"

कुंपणापलीकडून रत्नाबाई ओरडली तेव्हा बाबूलाल घरापुढच्या छपरीत मांडी घालून बसला होता आणि मांडीवर नंदी उताणा पडला होता. चांगला हातभर लांब सागवानी नंदी, खाली पाटी, पाटीला चार चाकं, गळ्यात पितळी घुंगरं. बाबूलाल लहान असताना त्याच्या बापाने करडी गावच्या सुताराकडून तो करवून घेतला होता. आता तो अमरचा. पुढचं उजवं चाक मात्र बापाच्या हातून लेकाच्या हातात येईपर्यंत तसंच कुरकुरत आलं होतं. आज तरी ते कुरकुरू नये, एवढीच बाबूलालची इच्छा होती.

"मावशी, पोरगा येऊन राहिला ना आज."

"माहीत हाय. आठ दिवसांपासून तेच सांगून राहिला तू. वरठीतल्या कुत्र्यायलेबी पाठ झालं."

कुत्र्यांचं नाव निघाल्यावर भुऱ्याने एक कान उचलला आणि पुन्हा पाडला. हा अमरचा कुत्रा. राइस मिलच्या मागून अमरने त्याला पोत्यात घालून आणलं होतं. तेव्हा बाबूलालच्या बायकोने, राखीने, दोघांनाही बाहेर काढायची धमकी दिली होती. पुढे धमकी विरली आणि कुत्रा राहिला.

रत्नाबाई बोलत होती ते खोटं नव्हतं. बाबूलालने दवंडी पिटायचीच काय ती बाकी ठेवली होती. आज तान्हा पोळा. काल खऱ्या बैलांचा पोळा झाला, आज लहान पोरांचा. संध्याकाळी पोरं आपापले लाकडी नंदी सजवून तोरणाखाली उभे करणार, तोरण सुटलं की घरोघरी जाऊन बोजारा मागणार. कुणी नाणं देतं, कुणी वडा. अमरचा जन्म याच दिवशीचा. गल्लीतले नंदी तोरणाखालून सुटत होते आणि तिकडे भंडाऱ्याच्या दवाखान्यात अमर रडत होता. तेव्हापासून या घरात त्याचा वाढदिवस तान्ह्या पोळ्यालाच. नंदी गल्ली फिरून आला की दिवेलागणीला पोराला पाटावर बसवायचं आणि रत्नाबाईने ओवाळायचं. घरात अमरची आजी नव्हती, म्हणून तो मान शेजारणीचा. तारीख कुठली ते बाबूलालने कधी लक्षात ठेवलं नाही. पोळा काही कुणाला विचारून येत नाही, तो आला की आपोआप कळतं.

आणि तिथेच घोळ झाला.

या जूनमध्ये राखी अमरला घेऊन नागपूरला गेली. भांडण वगैरे काही नाही. तिच्या भावाच्या घराजवळ इंग्रजी शाळा होती, खोली मिळाली, तिला एका बेकरीत पॅकिंगचं काम मिळालं. बाबूलाल इथे वरठीत लोखंडाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे. आज ना उद्या पर्मनंट होईन, या आशेवर त्याने इतकी वर्षं काढली होती की आता ती आशा सोडून कुठे जाणंही जिवावर यायचं. नागपूर तसं दूर नाही. गाडीत बसलं की शेंगदाण्याची पुडी संपेपर्यंत येतं. पण पाळ्यांच्या नोकरीत जवळचं गावही दूर जातं. बाबूलाल महिन्यातून एकदा जायचा, तेही झोपेच्या गुंगीत.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी राखीचा फोन आला.

"अवो, फोन काहून नाही केला आज? पोट्टा शाळेतून आल्यापासून वाट पाहून राहिला."

"कायले?"

"बड्डे नाही का त्याचा! शाळेत चॉकलेट वाटले, दादानं केक आणला."

"बड्डे?" बाबूलाल हसलाच. "अजून पोळा कुठी आला?"

पलीकडून राखी म्हणाली, "इकडे तारखेवर करते जी सगळे. झोपला आता तो."

त्या रात्री बाबूलालला जेवण गेलं नाही. पोरगा फोनकडे बघत बसला असेल, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी अमरने फोनवर पहिलं भुऱ्याबद्दलच विचारलं, रुसला वगैरे नव्हता. त्यामुळे बाबूलालला जास्तच वाईट वाटलं. मग त्याने मनाशी ठरवलं, खरा वाढदिवस अजून व्हायचा आहे. तान्ह्या पोळ्याला पोरगा घरी येईल, नंदी ओढेल, पाटावर बसेल, आणि आपली चूक भरून निघेल. राखी "येतो" म्हणाली. बाबूलालने दिवसपाळी देऊन रातपाळी घेतली, नंदीला रंग दिला, राखीच्या जुन्या लुगड्याच्या काठाची झूल शिवली. रत्नाबाईला बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे सांगून ठेवले.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, हा तर बाप होता. गाडीच्या कितीतरी आधी तो भुऱ्याला घेऊन स्टेशनात उभा राहिला.

अमर उतरला आणि भुऱ्या त्याच्या अंगावरच गेला. पोराचे पांढरे बूट चिखलाने भरले.

"अरे, बूट! नवे होत ना ते!" राखी ओरडली.

"जाऊ दे ना मम्मी," अमर म्हणाला. कुत्र्याच्या गळ्यात हात घालून तो तिथेच फलाटावर बसला. बाबूलालचा जीव सुपाएवढा झाला. तीन महिन्यांत पोरगा उंच झाला होता, केस एका बाजूला वळवले होते, पण कुत्र्याला विसरला नव्हता. कुत्र्याला विसरला नाही म्हणजे घराला विसरला नाही, असा त्याचा हिशेब.

तिघंही मोटारसायकलवर बसली. भुऱ्या मागून पळत आला.

घरी आल्या आल्या अमरने नंदी पाहिला. "अरे वा! नवाच दिसते!" तो दोरी धरून छपरीत धावला आणि एकदम थांबला.

"बाबा, याचा आवाज कुठी गेला?"

"तेल देल्लं ना बेटा. आता पाह्य कसा पळते."

"काहून देल्लं? त्याच्यानंच तर समजत होता का आपला नंदी होय म्हणून."

कुंपणापलीकडे रत्नाबाई खो खो हसली. "घे! सकाळपासून पाजून राहिला होता!"

जेवायला वडे, पुरी, कढी. पोरगा तिसरा वडा मागत होता आणि बाबूलाल खुशीत वाढत होता. तेवढ्यात राखीने घड्याळाकडे पाहिलं.

"दुपारच्या गाडीनं निघा लागन जी आमाले."

बाबूलालचा हात कढीच्या भांड्यावर राहिला. "आज? आज तर थांबून राहिले ना तुमी? संध्याकाळी तोरण हाय."

"आमच्या कॉलनीतबी हाय ना बाबा," अमर तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "कॉम्पिटिशन हाय. माझं नाव देल्लं टीचरनं. म्हणून तर नंदी न्याले आलो आमी."

"नंदी न्याले?"

"तिकडे सगळ्याचे विकतचे नंदी," राखी म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "हा म्हणते माह्या आजोबाचा नंदी हाय, असा कोणापाशीच नाही. सगळ्या पोट्ट्यायले सांगून ठेवलं त्यानं. म्या फोनवर सांगणार होतो, पण तुमी इतके खुशीत बोलून राहिले होते का मले बोलताच नाही आलं."

बाबूलाल पोराकडे वळला. "आन् तुहा बड्डे? आज असते ना तुहा बड्डे?"

अमर त्याच्याकडे कौतुकाने पाहायला लागला, मोठी माणसं लहानांच्या चुकीकडे पाहतात तसा. "माझा बड्डे तर होऊन गेला बाबा! केकबी कापला. तुमाले मालूम नाही का?"

भुऱ्याने तेवढ्यात ताटातला वडा पळवला आणि त्याला हाकलण्याच्या निमित्ताने बाबूलाल उठून बाहेर आला.

रत्नाबाई कुंपणाशीच होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, तसं ते नेहमीच जायचं. "नाही म्हण," ती हळूच म्हणाली. "घरचा नंदी घरच्या तोरणाखाली उभा राहाव. तुह्या बापानं देल्ला तो."

बाबूलालच्या मनात नाही म्हणायचं आलं होतं. अगदी जिभेपर्यंत आलं होतं. नंदी इथे राहिला तर पोरगाही थांबेल, असा एक विचारही येऊन गेला, आणि त्या विचाराची त्याला लाज वाटली.

"जाऊ दे मावशी. ज्याचा नंदी त्याच्यासंगं."

मग त्याने नंदी पुन्हा मांडीवर उताणा घेतला. चुलीतली राख आणली, फडकं घेतलं आणि पुढच्या उजव्या चाकातलं तेल पुसून काढायला लागला. पुसायचं, राख घासायची, चाक फिरवून कान द्यायचा, पुन्हा राख घासायची. जेवढ्या निगुतीने सकाळी तेल घातलं तेवढ्याच निगुतीने. अमर शेजारी येऊन उकिडवा बसला.

"आला का आवाज?"

"येऊन राहिला. दम धर."

शेवटी चाक कुर्रर्र करून बोललं. अमरने टाळी वाजवली आणि बापाच्या पाठीवर पडला. बाबूलाल बराच वेळ हललाच नाही. पोराच्या अंगाला आता वेगळ्याच साबणाचा वास येत होता.

स्टेशनवर अमरने नंदी पिशवीत ठेवू दिला नाही. दोरी धरून तो फलाटभर ओढत राहिला. झूल, घुंगरं, आणि ते चाक. बसलेली माणसं हसून बघत होती.

"बाबा, तुमी चाला ना संगं! नंबर येईन आपला."

"रातपाळी हाय रे. तिकडून रात्रीची गाडी नाही भेटली तं खाडा पडते."

"मंग भुऱ्याले सांभाळजा."

"हो."

राखी पिशव्या सावरत म्हणाली, "दिवाळीले आठ दिवस येतो. खरंच. आन् जेवत जा वेळेवर." तिला आणखी काही बोलायचं होतं, पण गाडी आली. लहान गावात गाडी थांबते ती चढण्यापुरती, बोलण्यापुरती थांबत नाही. डब्यात शिरून अमरने खिडकीच्या गजांना आधी नंदीचं तोंड लावलं, मग स्वतःचं. भुऱ्या फलाट संपेपर्यंत गाडीबरोबर पळाला. बाबूलाल पळाला नाही. माणसाला तसं करता येत नाही, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळी तोरण सुटलं आणि पोरांची फौज गल्लीत आली. बाबूलालला दार लावून झोपायचं होतं, रातपाळीचं निमित्तही तयार होतं. पण सणाच्या दिवशी पोरं दारातून रिकामी कशी पाठवायची? तो वड्यांचं पातेलं आणि चिल्लर घेऊन छपरीत बसला. कुणाचा नंदी मोठा, कुणाचा एका शिंगाचा. सगळ्यात मागे खुशबू नावाची चिमुरडी होती. तिने दोरीला वीट बांधून आणली होती आणि विटेला झेंडूची माळ घातली होती.

"काका, अमरचा नंदी कुठी हाय?" तिने विचारलं.

"नागपूरले गेला."

"कायले?"

"शाळा शिकाले."

पोरं पोट धरून हसली. बाबूलालही हसला. त्याने विटेलाही हळदकुंकू लावलं आणि खुशबूच्या हातावर दोन वडे ठेवले. मग ती फौज चाकं वाजवत पुढच्या घरी गेली. तो बसल्या जागी कान देऊन ऐकत राहिला. त्यातलं एकही चाक त्याच्या ओळखीचं नव्हतं. घर इतकं रिकामं त्याला जूनमध्येही वाटलं नव्हतं.

दिवेलागण झाली तशी रत्नाबाई फाटक उघडून आत आली. हातात ताट, ताटात लावलेलं निरांजन.

"कायले आणलं मावशी? गेला ना पोरगा."

"मले का माहीत नाही? पण साल दरसाल या वखताले ताट करतो मी. आज हातानं आपसूक केलं. लावलेला दिवा कोणाले ओवाळल्याबिगर विझवाव नाही." तिने कोपऱ्यातला अमरचा पाट पायानेच पुढे सरकवला. "बस."

"मी?"

"मंग का भुऱ्या?"

"मावशी, चाळिशी आली माही."

"ज्या दिवशी अमर झाला त्या दिवशी एकटा अमरच झाला का? तूबी बाप झालास ना त्याच दिवशी? माय तं तुही नाही. बस मुकाट्यानं."

बाबूलाल बसला. पाट लहान पोराचा, गुडघे छातीला टेकले. रत्नाबाईने कपाळाला कुंकू लावलं, त्यावर तांदूळ चिकटवले. आई गेल्यापासून त्याला कुणी ओवाळलं नव्हतं. त्याचा वाढदिवस कधी असतो हे तर आईलाही नीट सांगता येत नसे, धान कापणीचे दिवस होते एवढंच ती म्हणायची. दिवा डोळ्यांसमोरून एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला, आणि बाबूलाल रडायला लागला, अगदी हुंदके देऊन. रत्नाबाईने ओवाळणं थांबवलं नाही. झाल्यावर तिने त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला, ताट उचललं आणि जाताना फाटक लावून घेतलं.

रात्री कारखान्याच्या गेटवर हजेरी देताना सोबतच्या तेजरामने त्याच्या कपाळाकडे पाहिलं.

"काय गा, आज का होतं घरी?"

"पोराचा बड्डे," बाबूलाल म्हणाला आणि तांदूळ पडू नयेत म्हणून हेल्मेट जरा मागे सरकवून घातलं.