सव्वीस इंच

मास्तरांच्या टेपला दयामाया नव्हती. लग्नाचा सूट शिवायला आलेला नवरदेव असो की निवृत्त न्यायाधीश, कमरेचा आकडा ते मोठ्यांदा म्हणत आणि मग वहीत लिहीत. एकदा बँकेतल्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं, "मास्तर, पोट जरा आत धरू का?"

"धरा की. फक्त पँट घालाल तेव्हाही असंच धरून ठेवायचं. जेवताना पण."

दुकानात हशा पिकला, गृहस्थही हसले आणि वहीत आकडा गेला तो खराच. चाळीस वर्षांत मास्तरांनी तारखा खोट्या दिल्या होत्या. "परवा नक्की" म्हणून गिऱ्हाइकाला पंधरा पंधरा दिवस फिरवलं होतं. त्याशिवाय शिंपी होता येत नाही. पण माप कधी खोटं सांगितलं नव्हतं.

आणि आता गेले नऊ शुक्रवार ते बायकोला एक आकडा सांगत होते, तो खोटा होता.

आकडा होता सव्वीस. मुलाच्या उजव्या मांडीचा घेर, इंचांत.

हा आकडा देशातल्या शाळकरी पोरांनासुद्धा पाठ होता. मुलगा सायकलपटू. सपाटीवर चार जणांसारखा, पण चढ लागला की बाकीच्यांना आधी त्याची पाठ दिसायची आणि थोड्या वेळाने तीही दिसायची नाही. गेल्या वर्षी त्याने सर्वांत मोठी शर्यत मारली, तेव्हा एका वर्तमानपत्राने त्याच्या पायांचं पानभर छायाचित्र छापून मांडीवर बाण काढला होता: सव्वीस इंच. बातमीदाराला आकडा मिळाला तो मास्तरांच्या वहीतून. मुलाच्या पँटी दुसरं कोण शिवणार? तयार पँट कमरेला बसली तर मांडीत अडायची, मांडीत शिरली तर कमरेत आणखी एक माणूस मावायचा. आणि घरात या पोराचं नाव काय, तर काडी. लहानपणी इतका किरकोळ होता, की वाऱ्याच्या दिवशी त्याच्या खिशात दगड घालून शाळेत पाठवा, असं शेजारी म्हणत. नाव पडलं ते पडलंच.

अकरा आठवड्यांपूर्वी एका शर्यतीत उताराच्या ओल्या वळणावर त्याची सायकल घसरली. हाडं शाबूत राहिली, मार डोक्याला बसला. तेव्हापासून काडी कोमात होता.

पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या फाटकाशी इतकी गर्दी होती, की मास्तरांना मागच्या दाराने, धुण्याच्या गाठोड्यांमधून आत नेत. पाचव्या आठवड्यापासून ते पुढच्या दाराने जाऊ लागले. आता त्यांना कोणी ओळखतही नव्हतं.

अतिदक्षता विभागात एकेकाला दहा मिनिटं मिळत. आई मुलाचं तोंड पुसायची, केस सारखे करायची आणि कानाशी घरातल्या गोष्टी सांगायची. छातीच्या खालचा भाग तिने पाहिलाच नव्हता. पायांवर चादरीचा भार नको म्हणून एक वाकवलेली चौकट ठेवलेली असे आणि चादर तिच्यावर ताणलेली. चादरीखाली काय होतं, हे तिला शुक्रवारी कळायचं. नवऱ्याकडून.

शुक्रवारी मांडीचं माप घ्यायचं काम व्यायामाच्या बाईंचं. दर आठवड्याला किती स्नायू उतरला, याची त्यांना नोंद लागे. पहिल्याच खेपेला मास्तर तिथे होते आणि त्यांना राहवलं नाही.

"बाई, टेप तिरकी धरलीत. द्या इकडे."

तेव्हापासून माप मास्तर घेत. पहिलं आलं सव्वापंचवीस. बाहेर बाकावर बायको बसली होती. तिने विचारलं, "किती?"

पाऊण इंचाची गोष्ट, त्यासाठी हिचा जीव कशाला खालीवर करायचा, असं मास्तरांच्या मनात आलं. ते म्हणाले, "तेवढीच आहे."

पुढच्या शुक्रवारी माप साडेचोवीस. आता खरं सांगायचं, तर मागचंही उसवावं लागणार होतं. मास्तर पुन्हा म्हणाले, "तेवढीच आहे." मग तेवीस आलं, सव्वाबावीस आलं. वहीत मात्र खरंच जात होतं. वहीत खोटं लिहायला त्यांचा हातच वळला नसता. आणि बायको त्या सव्वीसच्या जोरावर उभी होती. बहिणीला फोनवर सांगायची, "डोकं कधी जागं होईल ते डॉक्टरांना ठाऊक. पण अंग तसूभर उतरलेलं नाही, हे स्वतः मोजतात ना! उठला, की आठ दिवसांत सायकलवर बसतो की नाही बघ." डॉक्टर "आता सांगता येत नाही" म्हणाले, की ती मान हलवायची, तिच्याकडे त्यांच्याहून पक्की बातमी होती.

नवव्या शुक्रवारी माप आलं वीस.

दुसऱ्या दिवशी काडीला अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत हलवलं. पायांवरची चौकट आणि चादर तिथेही आली. श्वास त्याचा तो घेत होता, डोळे मिटलेले. घरचे कपडे चालतील, असं सांगण्यात आलं आणि बायकोच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. "घरचे कपडे म्हणजे आता घरच! निळं सुती घ्या, मऊ. पाच पँटी पुरतील."

मास्तर कापायच्या मेजाशी उभे राहिले. वही सांगत होती वीस. पण दुकानातलं हातकाम, दुमडपट्ट्या, काजं-बटणं, सगळं तीस वर्षं बायकोच करत आली होती. पायाचा घेर हातात आला, की तिच्या बोटांना इंच कळत. तिला टेप लागत नसे. वीसवर कापलेली पँट तिच्या मांडीवर पडली, की सगळं संपलं. मास्तरांनी खडू उचलला आणि सव्वीसवर रेघ मारली.

गुरुवारी दुपारी नर्सने त्यांना दारातच गाठलं. तिच्या हातात निळी पँट होती.

"काका, हे कुठल्या शिंप्याकडून शिवून घेतलंत?"

"का हो?"

"त्याला एक टेप घेऊन द्या. एका पायात दोन पाय जातील! चला, दाखवते."

तिने काडीला कुशीवर वळवलं. मांडीच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग होता आणि मधोमध कातडी गेली होती.

"जागा माणूस टोचलं की हलतो. हा हलत नाही. आम्ही दर दोन तासांनी वळवतो, पण अंगाखाली कापडाची चुणी आली, की ती दगडासारखी रुतते. हे चिघळलं ना, तर ताप येईल. ताप आला, की इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात. त्या शिंप्याला सांगा, मापात शिव. शिवण मागे नको, बाजूला घे, चपटी."

"मीच तो शिंपी," मास्तर म्हणाले.

नर्सला वाईट वाटलं असेल, पण तिने शब्द मागे घेतला नाही. "मग तर तुम्हाला कळायला हवं होतं," ती म्हणाली आणि डागावर औषध लावू लागली.

घरी जाईपर्यंत मास्तरांनी मनात दहा वाक्यं जुळवली आणि दहाही उसवली. बायको दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून कुणाच्या तरी कोटाला बटणं लावत होती.

"अगं, त्या पँटी परत शिवाव्या लागतील."

"आटल्या ना? मी म्हटलं होतं, कापड आधी भिजवा. ऐकाल तर शपथ."

"आटल्या नाहीत. मोठ्या होतात."

"मोठ्या कशा होतील? सव्वीस तर सव्वीस."

मास्तरांनी वही उघडून तिच्यासमोर ठेवली. तिने सुई कोटात खोवली आणि एकेका शुक्रवारवरून बोट खाली नेलं. पाव, अर्धा, पाऊण. बोट वीसवर थांबलं.

"हे काय?"

"खरं माप."

"आणि मला सांगत होतात ते?"

मास्तर गळ्यातली टेप काढून गुंडाळू लागले.

"आठ शुक्रवार!"

"नऊ."

"नऊ! हे मात्र बरोबर मोजता!" तिने कोट बाजूला टाकला. "मी साऱ्या गावाला सांगत सुटले. त्या डॉक्टरांपुढे मान हलवत बसले. वेडी ठरवलीत मला."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटू नये, म्हणून तो ढगळ कपड्यांत लोळतोय? काय झालं तिकडे? नुसते कपडे मोठे झाले म्हणून तुमचा चेहरा असा पडायचा नाही."

मास्तरांनी डागाचं सांगितलं. रुपयाएवढा म्हणून सांगितलं, कमी केला नाही. ती उठून आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. मास्तरांनी पाचही पँटी मेजावर काढल्या आणि उसवायला घेतल्या.

ती आली, डोळे लाल होते. तिने वही ओढली. मुलाची पानं त्या वहीत सलग होती, शाळेच्या पहिल्या गणवेशापासून. ती मागे मागे उलटत गेली.

"वीस कुठे आहे?"

"तिथेच आहे की, शेवटी."

"ते नव्हे. आधीचं. जन्मला तेव्हाच काही सव्वीस नव्हती. कधीतरी वीस असेलच ना?"

मास्तरांना हे सुचलं नव्हतं. ते तिच्या शेजारी वाकले. बारा वर्षं, साडेसोळा. चौदा वर्षं, अठरा. सोळा वर्षं, वीस.

"सोळा," ती म्हणाली. "त्या वर्षी मामाची जुनी सायकल घेऊन पाण्याच्या टाकीचा चढ चढायला गेला होता. तीनदा उतरून ढकलत नेली."

"चारदा. आणि वर जाऊन ओकला."

"दुसऱ्या दिवशी परत गेला."

ती पानं पुढे उलटू लागली आणि बोटांवर मोजू लागली. वीसपासून सव्वीसपर्यंत सात वर्षं गेली होती. सात हा आकडा खोलीत पडून राहिला. मास्तर अडुसष्टचे, ती बासष्टची.

मास्तरांना वाटलं, एवढ्यावर थांबावं. पण आज काही झाकायचं नव्हतं. ते म्हणाले, "तेव्हा तो जागा होता."

"ठाऊक आहे मला."

"उठेल की नाही, ते या वहीत नाही."

"नाहीच आहे. मी कुठे म्हटलं आहे म्हणून?" तिने एक पँट आपल्याकडे ओढली आणि ब्लेडने शिवण मोकळी करू लागली. मान वर न करता म्हणाली, "वीसवर कापा. पण उरलेलं कापड चिंध्यांत टाकू नका. त्याच ताग्यातलं, सव्वीसला पुरेल एवढं वेगळं ठेवा. नंतर रंग जुळत नाही."

मास्तरांनी कापड वेगळं काढलं, घडी केली आणि वरच्या फळीवर ठेवलं.

शुक्रवारी दोन पँटी तयार होत्या. नर्सने शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आता कसं!" मग मास्तरांनी माप घेतलं, आणि टेप सोडून पुन्हा एकदा घेतलं. बायको बाहेर बाकावर होती.

"किती?"

"तेवढीच आहे," मास्तर म्हणाले, आणि शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांचं त्यांनाच ते कसंसंच वाटलं. "वीस. खरंच."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून हात पुढे केला. "टेप द्या."

ती आत गेली आणि दार लागलं. मास्तर बाकावर बसले. माप घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या वीसपट वेळ गेला. चादर उचलून ती पहिल्यांदाच ते पाय बघत असणार. त्यांना उठून आत जावंसं वाटलं, पण ते गेले नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा टेप गळ्यात टाकलेली होती, ते दुकानात टाकतात तशी.

"टेप सैल धरता तुम्ही," ती म्हणाली. बसली, पदराने तोंड पुसलं. "पण वीसच आहे. पुरे वीस. लिहा."

मास्तरांनी वही मांडीवर घेतली आणि पेन्सिल शोधू लागले.